पुणें ते पानिपत : अंतर, मजला व बातमीची चाल

पानिपतच्या अपयशाचीं कारणें सांगतांना श्रीमंत नानासाहेब पेशव्यांवर एक आरोप हटकून केला जातो. तो असा कीं, भाऊसाहेब पानिपतावर उपाशी फौज घेऊन शत्रूस तोंड देत असतां पेशवे पैठणाजवळ २७ डिसेंबर १७६० रोजीं नवें लग्न लावून घेण्यांत गुंतले. तो विलंब झाला नसता तर कुमक वेळेवर पोंचली असती व १४ जानेवारी १७६१ चा दिवस वेगळा उजाडला असता. या आरोपाचा नैतिक भाग बाजूस ठेवूं. त्याचा दुसरा भाग निव्वळ गणिताचा आहे. पैठणाहून पानिपत किती लांब, फौज रोज किती चाले, आणि उत्तरेची बातमी दक्षिणेंत किती दिवसांनीं कळे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें काढल्यावांचून "वेळेवर" या शब्दास कांहींच अर्थ नाहीं. आश्चर्य हें कीं, या संग्रामावर इतकें लिहिलें गेलें असतां हा हिशेब फारच थोड्यांनीं मांडून पाहिला आहे.

प्रथम मापाविषयीं. आमच्या जुन्या कागदांत अंतर कोसांनीं सांगितलेलें असतें, आणि कोस म्हणजे किती याविषयीं वाचकांची समजूत बहुधा "दोन मैल" येवढ्यावर थांबते. क्रोश हा शब्द 'क्रुश्' म्हणजे ओरडणें या धातूपासून झालेला. एकानें हांक मारावी व दुसऱ्यास ती ऐकूं यावी तें अंतर, असा त्याचा मूळ भाव. अशा मापाला निश्चितपणा कोठून येणार? परंतु शास्त्रकारांनीं त्यास नियमांत बसविलें. भास्कराचार्यांनीं लीलावतीच्या आरंभीं परिभाषा देतांना चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश व चार क्रोशांचें योजन असें सांगितलें आहे. म्हणजे क्रोश आठ हजार हातांचा. हात दीड फुटाचा धरला तर हा क्रोश बारा हजार फुटांचा, आजच्या मापानें ३.६ किलोमीटरांहून किंचित् अधिक होतो. अकबराच्या कारकीर्दींत पांच हजार इलाही गजांचा कोस ठरला, तो ४.२ किलोमीटरांच्या जवळपास येतो. आग्रा-दिल्ली मार्गावर जे कोसमिनार अद्याप उभे आहेत, त्यांच्यामधील अंतरहि याच मापाशीं जुळतें. तेव्हां उत्तरेच्या शाही रस्त्यावरचा कोस थोरला, आणि आमच्याकडील लोकव्यवहारांतला कोस पुष्कळदां लहान, हें लक्षांत ठेवून मी पुढें मध्यम मान म्हणून चार किलोमीटरांचा कोस धरला आहे. एका कोसामागें थोडी चूक राहील, पण चारशें कोसांच्या हिशेबांत निष्कर्ष बदलण्याइतकी ती मोठी नाहीं.

आतां रस्ता. पुण्याहून दिल्लीस जाण्याचा राजमार्ग अहमदनगर (आजचें अहिल्यानगर), पैठण किंवा औरंगाबाद (आजचें छत्रपती संभाजीनगर), अजिंठ्याचा घाट, बऱ्हाणपूर, अशीरगड यांवरून हंडियाशीं नर्मदा उतरून सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, धोलपुराजवळ चंबळा, आग्रा, मथुरा असा जाई. बऱ्हाणपुराच्या पुढील भाग मोगली अमदानींत सर्वांच्या वहिवाटींतला होता. सतराव्या शतकांत ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें सुरतेहून आग्र्यापर्यंत याच वाटेचे मुक्काम नोंदून ठेवले आहेत. सुरत ते बऱ्हाणपूर १३२ कोस, बऱ्हाणपूर ते सिरोंज १०१, सिरोंज ते आग्रा १०६, एकूण ३३९ कोस असा त्याचा आंकडा आहे. आणि गाडीनें हा प्रवास पस्तीस ते चाळीस दिवसांचा असें तो सांगतो. म्हणजे सुखवस्तु व्यापारी दिवसास नऊ कोस चाले. ही चाल कमी नव्हे. फौजेला ती क्वचितच साधे, हें पुढें दिसेल.

ताव्हर्नियेचे कोस व आजच्या रस्त्यांचीं अंतरें यांचा मेळ घालून मीं पुढील मानें ठरविलीं आहेत. पुण्याहून नगरावरून पैठण २०० किलोमीटर. पैठणाहून बऱ्हाणपूर-हंडियावरून भेलसें (आजचें विदिशा) ६२०. भेलशाहून ग्वाल्हेर, आग्रा, दिल्लीवरून पानिपत ७८०. एकूण पुणें ते पानिपत १६०० किलोमीटर, म्हणजे ४०० कोस; आणि पैठण ते पानिपत १४०० किलोमीटर, म्हणजे ३५० कोस. हवेंतून सरळ रेघ मारली तर हें अंतर पुष्कळ कमी भरतें. शाळेंत नकाशावर पट्टी ठेवून मुलें असें अंतर काढीत, तेव्हां मी त्यांस दोरा घेऊन वाटेच्या वळणानें टाकावयास लावीत असें. इतिहासलेखकांनाहि हा दोरा अधूनमधून हातीं घ्यावा लागतो.

फौजेच्या चालीसाठीं भाऊसाहेबांचीच मोहीम प्रमाण धरूं. ते पडदूर (परतूर) येथून १४ मार्च १७६० रोजीं निघाले व मे अखेरीस ग्वाल्हेरीस पोंचले. हें अंतर सुमारें ९३० किलोमीटर आणि दिवस ७७. मुक्काम धरून रोजची सरासरी १२ किलोमीटर, म्हणजे अवघे तीन कोस पडते. पुढें पावसानें गाठलें, गंभीर नदीच्या पुरानें खोळंबा केला, आणि दिल्लीचा किल्ला हातीं येण्यास ऑगस्टचा आरंभ उजाडला. याचें कारण भाऊसाहेबांचा आळस नव्हे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा बैलांनीं ओढावयाच्या, बुणग्यांची संख्या अफाट, बरोबर बायकामुलें, यात्रेकरू, बाजार. एवढा संसार घाटांतून व नद्यांतून उतरवीत न्यावयाचा. तोफेचा बैल चालेल तेवढीच तोफखान्याची मजल, आणि तोफखान्याची जी मजल तीच सर्व लष्कराची. सन १७३७ त बाजीरावसाहेब बुणगे मागें टाकून सडे दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले होते, त्या दौडीशीं या मोहिमेची तुलना करण्यांत अर्थ नाहीं. ती दौड होती. हा फिरता गांव होता.

दुसरें एक प्रमाण शिवकालांतील. शिवाजीमहाराज ५ मार्च १६६६ रोजीं राजगडाहून निघून ११ मे रोजीं आग्र्याच्या सीमेवर पोंचले व दुसऱ्या दिवशीं दरबारांत गेले. अंतर सुमारें १३२५ किलोमीटर, दिवस ६७. सरासरी २० किलोमीटर, पांच कोस. बरोबर सरंजाम बेताचा, तोफखाना नाहीं, वाटेंत औरंगाबादेसारखे मुक्काम. सरदारी इतमामाच्या प्रवासाची हीच चाल समजावी. महाराजांच्या परतण्याच्या दिवसाविषयीं संशोधकांचें एकमत नाहीं. परंतु १७ ऑगस्टला आग्रा सोडून १२ सप्टेंबरला राजगड गांठला हें मत घेतलें तर २६ दिवसांत रोज ५० किलोमीटर, आणि वाट वांकडी धरली असेल तर त्याहूनहि अधिक पडतात. केवळ अंतराच्या कारणानें हें अशक्य म्हणतां येत नाहीं. असो, तो वाद येथें नको.

आतां खुद्द नानासाहेबांची चाल पाहूं, कारण सर्व आरोपाचें मर्म तेथें आहे. २७ डिसेंबरला ते पैठणाजवळ होते, आणि २४ जानेवारीच्या सुमारास भेलशाजवळ त्यांना पराभवाची बातमी कळली. या दोन तारखांमध्यें २८ दिवस आहेत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशीं कूच झालें असें धरलें तरी ६२० किलोमीटरांस २८ दिवस म्हणजे रोज २२ किलोमीटर, साडेपांच कोस. कूच आणखी चार दिवसांनीं झालें असेल तर चाल याहून जलद ठरेल. म्हणजे प्रकृतीनें खालावलेला, पुढें २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर देह ठेवणारा हा पुरुष भाऊसाहेबांच्या चालीच्या जवळजवळ दुप्पट चालीनें, नर्मदेसारखी नदी ओलांडून, उत्तरेकडे सरकत होता. वाटेंत रेंगाळल्याचा दोष त्याजवर ठेवण्यास या दोन तारखा जागा देत नाहींत.

आणि लग्नाचें काय? २७ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत १८ दिवस राहतात. पैठण ते पानिपत १४०० किलोमीटर. लग्न न करतां त्याच दिवशीं पेशव्यांनीं घोड्यावर मांड टाकली असती, तरी लढाईच्या दिवशीं पानिपतावर उभें राहण्यास रोज ७८ किलोमीटर, जवळजवळ वीस कोस, अशी मजल अठरा दिवस अखंड करावी लागली असती. ही चाल जासुदाची आहे, फौजेची नव्हे. पेशव्यांची जी प्रत्यक्ष चाल आपण वर काढली, त्या चालीनें पैठणाहून पानिपतास ६४ दिवस लागतात, आणि १४ जानेवारीपासून मागें मोजलें तर कूच ११ नोव्हेंबर १७६० रोजीं व्हावयास पाहिजे होतें. भाऊसाहेबांच्या चालीनें तर ११७ दिवस, म्हणजे १९ सप्टेंबर. सप्टेंबरांत पर्जन्यकाळ संपलेला नसतो व शिलंगणापूर्वी मराठी फौज बहुधा बाहेर पडत नसे. तेव्हां २७ डिसेंबर ही तारीख या वादांत मुळींच उपयोगाची नाहीं. जें व्हावयाचें तें त्यापूर्वी दीड महिना व्हावयास हवें होतें.

मग ११ नोव्हेंबरला पेशव्यांस काय ठाऊक होतें? येथें बातमीच्या चालीचा विचार अवश्य होतो. सरकारी पत्रें जासूदजोडीबरोबर जात. निकडीच्या वेळीं सांडणीस्वार निघत. आणि सावकारांचे कासीद निराळे असत. सावकाराचा सर्व धंदा हुंडीवर, आणि हुंडीचा भाव दूरच्या बातमीवर. त्यामुळें बातमीला तो पैसा अधिक मोजी. पानिपतची बातमी पेशव्यांना प्रथम सावकारी पत्रानेंच कळली, यांत म्हणून नवल नाहीं. दोन मोत्यें विरघळलीं, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये व खुर्दा यांची मोजदाद नाहीं, अशा सांकेतिक शब्दांचें तें पत्र सर्वांस ठाऊक आहे. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासांत सांगतो कीं, तो कासीद सावकारांचा असून पानिपताहून नवव्या दिवशीं औरंगाबादेस पत्र पोंचविण्याच्या बोलीनें निघाला होता. मात्र भेट नर्मदा उतरतांना झाली असें तो म्हणतो. भेलशाचें स्थळ मला अधिक ग्राह्य वाटतें.

ही नऊ दिवसांची बोली पुष्कळांस अतिशयोक्ति वाटते. मला तशी वाटत नाहीं. पानिपत ते औरंगाबाद १४०० किलोमीटरांच्या आंतबाहेर. नऊ दिवसांत दिवसास दीडशें किलोमीटर पडतात. एका माणसाला हें शक्य नाहीं. परंतु टप्प्याटप्प्यावर माणूस बदलून आठहि प्रहर पत्र पुढें धांवतें ठेविलें, तर तासाला सहा किलोमीटरांहून थोडी अधिक चाल पुरते, आणि ती सराईत पायानें सहज होते. उलट हीच बोली खरी धरली म्हणजे एक अडचण सुटते. १४ जानेवारीस निघालेलें पत्र भेलशास १९ किंवा २० तारखेस यावयास पाहिजे. प्रत्यक्ष आलें तें २४ च्या सुमारास. हे चार-पांच दिवस कोठें गेले? माझ्या मतें ते वाटेंत गेले नाहींत. सत्तावीस मोहरा मोजून लिहिणाऱ्या सावकारास मेलेल्या सरदारांची गणती मिळालेली होती, आणि असा दाणादाण झालेल्या रणांत अशी गणती त्याच संध्याकाळीं होत नाहीं. पत्र लढाईनंतर चार-पांच दिवसांनीं निघालें असावें, असें अनुमान यावरून काढतां येतें. हें अनुमान आहे, पुरावा नव्हे; पण अंतर आणि काल यांच्याशीं तें जुळतें.

तेव्हां बातमीच्या दोन चाली धराव्या: पैशाच्या जोरावर चालणारी सावकारी टप्प्याची रोज दीडशें किलोमीटर, आणि सरकारी जासुदांची रोज सुमारें ऐंशीं. अब्दालीनें बागपताजवळ यमुना उतरण्यास २५ ऑक्टोबर १७६० रोजीं आरंभ केला. तोंपर्यंत मराठ्यांची बाजू वरचढ होती. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला होता व दसरा विजयाच्या आनंदांत तेथेंच साजरा झाला होता. संकट खरें उभें राहिलें तें या नदी उतरण्यानें, कारण त्यामुळें शत्रु भाऊसाहेब व दिल्ली यांच्यामध्यें आला. बागपत ते पैठण १३५० किलोमीटर धरले तर ही बातमी सावकारी चालीनें ३ नोव्हेंबरला, आणि जासुदांच्या चालीनें ११ नोव्हेंबरला गोदातीरीं पोंचते. त्या वर्षीं दिवाळी याच दिवसांत होती. आणि ११ नोव्हेंबर ही, वर काढल्याप्रमाणें, कूच करण्याची अगदीं शेवटची तारीख! म्हणजे संकटाची बातमी कळणें व निघण्याची वेळ टळणें हीं दोन्ही जवळजवळ एकाच दिवशीं घडतात. सावकारी चाल धरली तर आठ दिवसांची सवड मिळते. तेवढ्यांत फौज जमवावयाची, खजिना करावयाचा व निघावयाचें. पेशवे पुण्यास असते तर पैठणापर्यंतचे नऊ दिवस आणखी घालावे लागतात, आणि तेथें ती सवडहि संपते.

भाऊसाहेबांच्या बाजूनें हाच हिशेब अधिक दुःखद आहे. जासुदांच्या चालीनें पानिपताहून पैठणास पत्र जाऊन उत्तर परत येण्यास २८०० किलोमीटर, म्हणजे ३५ दिवस लागत. नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत भाऊसाहेब पानिपतावर अडकून होते ७४ दिवस. एवढ्या अवधींत धन्याशीं प्रश्नोत्तर दोनदांच होऊं शकतें, तेंहि रस्ता मोकळा असेल तर. रस्ता मोकळा नव्हता. दिल्लीची वाट शत्रूनें रोखलेली, जासूद धरले जात, आणि अंतर्वेदींतून रसद पोंचविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरच्या उत्तरार्धांत मारले गेले. त्यानंतर भाऊसाहेबांस पेशवे कोठें आहेत हें निश्चित कळण्याचा मार्ग राहिला नाहीं. पेशवे भेलशाला पोंचले होते तेथून त्याच चालीनें पानिपत आणखी ३५ दिवसांवर होतें. फेब्रुवारीची अखेर झाली असती. घोडीं झाडांच्या साली खात असतां कोणती फौज तोंवर थांबेल?

यावरून पेशवे सर्वस्वी निर्दोष ठरतात काय? माझें तसें म्हणणें नाहीं. लग्नाचा दोष गळून पडतो, पण त्याच्या जागीं दुसरा, अधिक भारी दोष उभा राहतो. चारशें कोसांवर लढाई चालवावयाची तर बातमी कळल्यावर निघून चालत नाहीं. राखीव फौज आधींच वाटेवर, सिरोंज-ग्वाल्हेरच्या टापूंत, उभी पाहिजे. ग्वाल्हेरीहून पानिपत ४१० किलोमीटर आहे; पेशव्यांच्या चालीनें १९ दिवस. अशी एक दहा हजारांची फौज नोव्हेंबरांत तेथें असती, तर गोविंदपंतांच्या मागें आधार राहिला असता व रसदेची वाट कदाचित् सुटली असती. भाऊसाहेबांची मोहीम ऑगस्टमध्यें दिल्लींत अडकली, पैशाची व दाण्याची ओढ लागली, हें पत्रांवरून पुण्यास कळत होतें. तेव्हां ऑगस्ट-सप्टेंबरांत जो निर्णय व्हावयास पाहिजे होता तो झाला नाहीं. दोष मोजावयाचा तर तेथून मोजावा. पैठणच्या मांडवापासून नव्हे.

एक आक्षेप येथें संभवतो. पेशवे येत आहेत ही नुसती वार्ताच अब्दालीस नरम करण्यास पुरेशी होती, प्रत्यक्ष पोंचण्याची जरुरी नव्हती, असें कोणी म्हणेल. यांत तथ्य आहे. परंतु वार्तेचा धाक बसण्यासहि येणारा हाकेच्या अंतरावर असावा लागतो, आणि भेलसें हें हाकेच्या अंतरावर नव्हतें.

आतां पद्धतीविषयीं थोडें. वरील सर्व हिशेब मीं सुप्रसिद्ध तारखांवर केला आहे. राजवाड्यांनीं १८९८ त साधनांचा पहिला खंड छापून पानिपतच्या मोहिमेचीं पत्रें प्रसिद्ध केलीं, व पुढें सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडीचे ४५ खंड निघाले. या पत्रांवर लिहिल्याची तारीख 'छ' या खुणेनें दिलेली असते, आणि कित्येकांवर 'पैवस्ती' म्हणून पावल्याची तारीख वेगळी नोंदलेली असते. या दोन तारखांतील अंतर म्हणजेच बातमीची चाल. संपादक मजकुराकडे लक्ष देतात, पैवस्तीकडे तितकें देत नाहींत. ती वजा करतांना दोन गोष्टी सांभाळाव्या. चांद्र तारीख सूर्यास्तापासून लागते, त्यामुळें एक दिवसाचा फरक पडूं शकतो. आणि १७५२ पूर्वीच्या इंग्रजी कागदांशीं ताडा घेतांना जुनी व नवी गणना मिसळूं देऊं नये, कारण तेथें अठराव्या शतकांत ११ व सतराव्यांत १० दिवसांचें अंतर आहे. एवढ्यानें जासूद दुप्पट वेगानें धांवतांना दिसूं लागतो. १७६० सालच्या कागदांस ही दुसरी अडचण नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं १७५९ ते १७६१ या सालांचीं उत्तरेकडील मूळ पत्रें असतील, त्यांनीं मजकूर यापूर्वीं छापला गेला असला तरी पुन्हा एकवार पत्राची पाठ व माथा पाहून स्थळ, लिहिल्याची तारीख व पैवस्ती एवढें तीन रकान्यांत उतरवून पाठवावें. अशा पन्नास-साठ नोंदी जमल्या तर रोज ऐंशीं किलोमीटर हा मीं धरलेला आंकडा कायम राहतो कीं बदलतो, हें ठरवितां येईल.